राष्ट्रांचे वाग्युद्ध (लेखांक ६) : थडगे आणि राखेचा ढीग

१८ नोव्हेंबर १९५६ रोजी मॉस्कोतील पोलिश वकिलातीत पोलंडचे नेते गोमुल्का यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. तीत सोविएत कम्युनिस्ट पक्षाचे प्रथम सचिव निकिता ख्रुश्चॉव्ह यांनी पाश्चात्त्य राजदूतांकडे वळून, आम्ही तुम्हांला आवडत नसलो तर आमची आमंत्रणे स्वीकारू नका व आम्हांलाही बोलावू नका, आमचे अस्तित्व तुमच्या मर्जीवर अवलंबून नाही, इतिहास आमच्या बाजूचा आहे, असे बजावले आणि शेवटी ‘आम्ही तुम्हांला पुरून टाकू’ हे वाक्य उच्चारले. नाटो-गटातील राष्ट्रांचे व इस्राएलचे प्रतिनिधी तेथून उठून गेले. भाषणाचा बाकीचा भाग लवकरच विस्मृतीत गेला. ते एक वाक्य मात्र पुढील तीन दशके पाश्चात्त्य जगात सोविएत राजनीतीचा कबुलीजबाब म्हणून वाचले गेले.

या वाक्याने पुढे ख्रुश्चॉव्ह यांची पाठ सोडली नाही. १९५९ च्या सप्टेंबरात ते अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा १६ तारखेस वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबात त्यांना त्याचा जाब विचारण्यात आला. त्यांनी खुलासा केला की, माणसांना पुरण्याची ही गोष्ट नव्हे. सरंजामशाही जाऊन भांडवलशाही आली, त्याचप्रमाणे भांडवलशाही जाऊन साम्यवाद येणार, एवढाच तिचा अर्थ. तीनच दिवसांनी लॉस एंजेलिसचे महापौर नॉरिस पॉल्सन यांनी भर मेजवानीत तेच वाक्य पुन्हा त्यांच्यापुढे ठेवले; त्यावर मात्र त्यांचा तोल गेला आणि त्यांनी विमानाने परत फिरण्याची भाषा सुरू केली. १९६३ मध्ये युगोस्लाव्हियात बोलताना, आम्ही काही फावडे घेऊन तुम्हांला पुरणार नाही, तुमचाच कामगारवर्ग तुम्हांला पुरील, असे त्यांनी आणखी एकदा सांगून पाहिले. मार्क्स आणि एंगल्स यांच्या १८४८ च्या जाहीरनाम्याशी ज्याची तोंडओळख आहे त्याला या विचारात नवे असे काही वाटणार नाही. आपले थडगे खणणारा वर्ग भांडवलशाही स्वतःच जन्माला घालते, हे त्या जाहीरनाम्याचे प्रसिद्ध प्रतिपादन आहे. वाक्य उद्दाम होते, पाहुण्यांच्या तोंडावर बोलण्याजोगे तर मुळीच नव्हते. परंतु त्यात फौजेला हुकूम नव्हता, मुदत नव्हती, मागणी नव्हती. ते एक भाकित होते, आणि बोलणाऱ्याची त्यावर मनोमन श्रद्धा होती.

आता त्याच्या शेजारी दुसरे एक भाकित ठेवून पाहू. ८ जून १९८२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरच्या रॉयल गॅलरीत ब्रिटिश संसदेच्या सभासदांपुढे भाषण केले, आणि स्वातंत्र्य व लोकशाही यांची आगेकूच मार्क्सवाद-लेनिनवादाला इतिहासाच्या राखेच्या ढिगावर टाकून पुढे जाईल, असे सांगितले. मजूर पक्षाचे पुष्कळ सभासद त्या भाषणाकडे मुळात फिरकलेच नव्हते, हे खरे. परंतु एका अण्वस्त्रधारी राष्ट्राला नामशेष करण्याचा मनसुबा या वाक्यात उघड झाला, असा अर्थ त्या देशात वा अमेरिकेत कोणी प्रचलित केला नाही. आशयापुरते पाहिले तर दोन्ही वाक्ये सख्खी भावंडे आहेत. इतिहास आमच्या बाजूचा, तुमची व्यवस्था मरणार, आणि तिची उत्तरक्रिया आमच्या विजयात होणार, हेच दोघांचे सांगणे. इतकेच काय, रेगन यांनी वापरलेली प्रतिमादेखील क्रांतिकारकांच्याच भांडारातील आहे. १९१७ च्या ऑक्टोबर क्रांतीत सोविएतांच्या अधिवेशनातून सभात्याग करणाऱ्या मेन्शेविकांची रवानगी ट्रॉट्स्की यांनी इतिहासाच्या कचऱ्यातच केली होती. तरीही एक वाक्य रानटीपणाचा पुरावा म्हणून दप्तरी जमा झाले आणि दुसरे द्रष्टेपणाचा.

यावर असे म्हणता येईल, आणि म्हटलेही जाते, की रेगन यांचे भाकित खरे ठरले व ख्रुश्चॉव्ह यांचे खोटे, म्हणून दोहोंची योग्यता सारखी नाही. या युक्तिवादात एक गफलत आहे. भाकित खरे ठरले की नाही, हा त्याच्या सत्यासत्याचा प्रश्न. ते उच्चारले गेले त्या क्षणी धमकी होते की नव्हते, हा निराळा प्रश्न, आणि पस्तीस वर्षांनी काय घडले यावरून त्याचा निकाल लावता येत नाही. ज्या राजदूतांनी १९५६ मध्ये मेजवानी सोडली त्यांना १९९१ ठाऊक नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ख्रुश्चॉव्ह ते वाक्य बोलले त्याच्या दोनच आठवडे आधी, ४ नोव्हेंबरला, सोविएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते आणि हंगेरीचा उठाव त्यांनी रक्तात बुडविला होता. रस्त्यांवर प्रेते पडलेली असताना पुरण्याची भाषा करणाऱ्या माणसाचे तत्त्वज्ञान समजून घेण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकता येत नाही. मला हा आक्षेप मान्य आहे, कारण तो शब्दाची पारख कृतीवरून करतो, आणि पारख करण्याची रीत तीच आहे. माझी तक्रार एवढीच की, ही रीत एकाच पक्षाला लावली जाते. त्याच पंधरवड्यात इंग्रज आणि फ्रेंच विमाने इजिप्तवर बॉम्ब टाकीत होती. त्याआधी १९५३ मध्ये इराणचे मोसाद्देक सरकार आणि १९५४ मध्ये ग्वाटेमालाचे आर्बेंझ सरकार अमेरिकेच्या गुप्त साहाय्याने उलथून पाडण्यात आले होते. मग बुडापेस्टच्या उजेडात ख्रुश्चॉव्ह यांचे वाक्य वाचावयाचे असेल, तर वॉशिंग्टनहून येणारी वाक्ये तेहरानच्या उजेडात वाचण्याचा अधिकार मॉस्कोच्या नागरिकालाही दिला पाहिजे.

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ हे आपण घरगुती पक्षपाताविषयी म्हणतो; पण राष्ट्रांच्या व्यवहारात हा पक्षपात अधिक शिस्तीने चालतो. आपल्या नेत्याच्या शब्दाचा अर्थ लावताना आपण त्याचा हेतू पाहतो, प्रसंग पाहतो, समोरचे श्रोते कोण होते, निवडणूक किती जवळ आली होती, हे सर्व हिशेबात घेतो; शत्रूच्या शब्दाचा अर्थ मात्र केवळ अक्षरावरून लावतो, आणि ते अक्षर त्याच्या संपूर्ण राष्ट्राच्या माथी मारतो. ११ ऑगस्ट १९८४ रोजी आठवड्याच्या नभोवाणीभाषणापूर्वी ध्वनिवर्धकाची चाचणी घेताना रेगन म्हणाले की, रशियाला कायमचे बेकायदा ठरविणाऱ्या कायद्यावर मी सही केली आहे, पाच मिनिटांत बॉम्बफेक सुरू होईल. तो विनोद होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण आदल्याच वर्षी सोविएत लढाऊ विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडून २६९ माणसे मारली होती आणि दोन्ही पक्षांचे हात बंदुकीच्या चापावर होते. अशा समयी हेच शब्द क्रेमलिनमधून बाहेर पडले असते, तर ते विनोद म्हणून सोडून दिले गेले असते असे मला वाटत नाही.

या विषयाच्या गाभ्याशी मात्र अजून आपण आलेलो नाही. भाषेचा रांगडेपणा आणि धमकीचे गांभीर्य यांची आपण सतत गल्लत करतो, आणि दुटप्पीपणाचा उगम बव्हंशी तेथेच आहे. १२ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी न्यूयॉर्कमध्ये परराष्ट्रधोरणाच्या अभ्यासकांपुढे एक भाषण केले. डलेस हे नाणावलेले वकील. वाक्ये मोजूनमापून बोलणारे. आक्रमणाला आळा घालावयाचा तर आपण निवडलेल्या ठिकाणी आणि आपण निवडलेल्या साधनांनी जोरदार प्रत्युत्तर देण्याची तयारी व सामर्थ्य हवे, असे त्यांनी प्रतिपादिले. या वाक्यात एकही कठोर शब्द नाही. तथापि ‘साधने’ या शब्दाने अण्वस्त्रे सूचित होती, ‘ठिकाण’ म्हणजे जेथे तंटा उद्भवला तेवढेच असे नव्हे हेही सर्वांस कळले, आणि बोलणाऱ्याच्या पाठीशी अमेरिकेचे सामरिक विमानदल शेकडो बॉम्बफेकी विमानांनिशी सज्ज उभे होते. पुढच्याच वर्षी, किमॉय व मात्सू या बेटांवरून चीनशी पेच पडला असता, १६ मार्च १९५५ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पत्रकारांस सांगितले की, निव्वळ लष्करी लक्ष्यांवर व लष्करी कामासाठी असेल तर अण्वस्त्रे बंदुकीच्या गोळीप्रमाणे का वापरू नयेत, याचे कारण मला दिसत नाही. कोणत्याही मेजवानीतून कोणी उठून गेले नाही. ख्रुश्चॉव्ह यांच्या थडग्यापेक्षा ही दोन विधाने कितीतरी अधिक भयंकर आहेत, कारण ती भाकिते नाहीत; ज्याच्या हुकमाने अस्त्र सुटते त्याने अस्त्र सोडण्याच्या अटी सांगितल्या आहेत.

आणि हाच न्याय सोविएत पक्षाला लावला तर काय दिसते? ५ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे त्या मेजवानीच्या तेरा दिवस आधी, पंतप्रधान बुल्गानिन यांनी ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांस सुएझप्रकरणी खलिता पाठविला. तुमच्याहून बलाढ्य आणि सर्व प्रकारची आधुनिक संहारक अस्त्रे बाळगणाऱ्या राष्ट्रांनी तुमच्यावर हल्ला केला असता तर तुमची अवस्था काय झाली असती, असा प्रश्न त्यात होता, आणि क्षेपणास्त्रांचा उल्लेख होता. राजनैतिक शिष्टाचाराला धरून, प्रश्नार्थक वाक्यात दिलेली ही खरी धमकी. तिच्यात मागणी होती, समोरच्याचे नाव होते, अस्त्राचा प्रकार होता. पण लोकांच्या स्मरणात राहिला तो मेजवानीतला चढलेला आवाज. खलित्याची आठवण इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे फारशी कोणास राहिलेली नाही.

या गल्लतीची किंमत कागदोपत्री राहिली नाही. ख्रुश्चॉव्ह यांची गर्जना पुष्कळ अंशी दुर्बलतेतून निघालेली होती. अमेरिकेपर्यंत पोहोचू शकेल असे त्यांचे क्षेपणास्त्र प्रथम यशस्वीपणे उडाले तेच १९५७ च्या ऑगस्टात. पुढे कारखान्यातून सॉसेज निघावे तशी आमची क्षेपणास्त्रे निघत आहेत, अशी बढाई त्यांनी मारली तेव्हाही ती बोटांवर मोजण्याइतकी होती. ती बढाई अमेरिकेत अक्षरशः खरी मानली गेली. १९६० च्या निवडणुकीत केनेडी यांनी सोविएत संघ क्षेपणास्त्रांत पुढे गेल्याचा मुद्दा सरकारविरुद्ध वापरला; ते अधिकारावर आल्यानंतर, २१ ऑक्टोबर १९६१ रोजी, संरक्षणखात्याचे उपमंत्री गिलपॅट्रिक यांनी जाहीररीत्या सांगितले की, सोविएत संघाने पहिला घाव घातल्यावरही आमच्यापाशी उरणारे बळ त्यांच्या त्या पहिल्या घावाइतके असेल. म्हणजे तफावत होती, पण ती उलट दिशेची होती. तरीही नव्या क्षेपणास्त्रांची सिद्धता थांबली नाही. मिनिटमन जातीचीच १,००० क्षेपणास्त्रे भूमिगत कोठारांत बसविण्यात आली. शत्रूच्या बढाईवर आपण ठेवतो तेवढा विश्वास त्याच्या शांततेच्या प्रस्तावावर कधीच ठेवीत नाही. गर्जेल तो पडेल काय, हे व्यवहारज्ञान शेजाऱ्याच्या बाबतीत प्रत्येकाजवळ असते. शत्रुराष्ट्राच्या बाबतीत ते आपण बाजूस ठेवतो.

मॉस्कोची बाजू याहून स्वच्छ होती, असे कोणी समजू नये. १८ सप्टेंबर १९४७ रोजी आंद्रेई व्हिशिन्स्की यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अमेरिकेतील ‘युद्धखोरां’ची नावे घेऊन त्यांच्यावर तोफ डागली, आणि त्या चर्चेतून ३ नोव्हेंबरला युद्धप्रचाराचा निषेध करणारा ठराव एकमताने संमत झाला. हेच व्हिशिन्स्की १९३६ ते १९३८ च्या मॉस्को खटल्यांत सरकारी अभियोक्ता होते, आणि स्वदेशाच्या जुन्या क्रांतिकारकांना पिसाळलेली कुत्री म्हणून त्यांना गोळ्या घालण्याची मागणी त्यांनी भर न्यायालयात केली होती. १९५० च्या मार्चमध्ये अण्वस्त्रबंदीच्या स्टॉकहोम आवाहनावर जगभर सह्या गोळा करण्यास प्रारंभ झाला; सोविएत वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने शांततेच्या गौरवाने भरून गेले; आणि त्याच वसंत ऋतूत स्टालिन यांनी किम इल-सुंग यांच्या दक्षिण कोरियावरील स्वारीस संमती दिली. २५ जूनला ती स्वारी झाली. सौम्य भाषेच्या आड काय चालू असू शकते याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

मराठी वाचकाला हे सारे दूरच्या देशांतले वाटत असेल, तर त्याने २२ सप्टेंबर १९६५ ची आठवण करावी. त्या दिवशी सुरक्षा समितीत पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री झुल्फिकार अली भुट्टो यांनी हजार वर्षे युद्ध करण्याची भाषा केली, आणि मुंबईच्या कॅथेड्रल शाळेत शिकलेल्या या माणसाचे तेवढे शब्द आपल्याकडे पाकिस्तानच्या अंतःकरणाचा आरसा म्हणून आजतागायत उद्धृत केले जातात. ते भाषण विखारी होते, हे कोणी नाकारू नये. पण त्याच वाक्यात ते युद्ध संरक्षणाचे असेल असे ते म्हणाले होते, आणि त्याच बैठकीत अयूब खान यांचा युद्धबंदी मान्य असल्याचा निरोप त्यांनी वाचून दाखविला, या दोन गोष्टी आपल्या स्मरणातून गळून पडल्या आहेत. भुट्टो यांची मनीषा निर्मळ होती, असे मला सुचवावयाचे नाही. त्याच ऑगस्टात काश्मिरात घुसखोर धाडण्याच्या मसलतीचे ते एक प्रमुख पुरस्कर्ते होते, आणि त्यांना दोष द्यावयाचा तो त्या मसलतीसाठी द्यावा, तोच मोठा आहे. हजार वर्षांच्या वल्गनेमागे त्या रात्री पराक्रम नव्हता, माघार होती.

उलट २२ मे २००२ रोजी पंतप्रधान वाजपेयी कुपवाड्यास जवानांसमोर निर्णायक लढाईची वेळ आल्याचे बोलले, तेव्हा डिसेंबरातील संसदेवरील हल्ल्यानंतर सीमेवर नेलेली आपली फौज तेथे पाच महिने युद्धसज्ज उभी होती. कालुचकच्या छावणीत जवानांच्या बायकामुलांची हत्या होऊन जेमतेम आठवडा लोटला होता. त्या संतापाचे कारण न्याय्य होते, असेच मी मानतो. परंतु संताप न्याय्य असल्याने धमकी धमकी राहत नाही, असे नाही. फौज सीमेवर, बोलणारा पंतप्रधान, ऐकणारे सैनिक: या कसोट्यांनी ते वाक्य भुट्टो यांच्या वाक्यापेक्षा फार जड होते, आणि इस्लामाबादेत ते तसे वाचले गेले यात वाचणाऱ्याची काही चूक नव्हती. आपल्याकडे ते संयमी नेत्याचा खंबीरपणा म्हणून वाचले गेले. दोन्ही वाचने एकाच मनुष्याला एकाच वेळी करता आली पाहिजेत, अशी माझी अपेक्षा आहे. ती कठीण आहे, पण अवाजवी नाही.

आपल्या स्वतःच्या इतिहासात याचा एक जुना दाखला आहे. खर्ड्याच्या लढाईचे कारण म्हणून निजामाचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क याचे उद्दाम बोलणे सांगितले जाते. पुणे दरबारचे वकील गोविंदराव काळे हिशेबाचा तगादा करीत असता, नाना फडणीस यांनी स्वतः येथे येऊन समजूत घालावी, असे मुशीरने भर दरबारात म्हटले. ते कसे येतील, असे काळ्यांनी विचारताच, कसे आणावयाचे ते मी दाखवितो, असे त्याने उत्तर केले, असा प्रसंग ग्रँट डफने दिला आहे. आमच्या शाळांतून हा प्रसंग आवेशाने सांगितला जातो. ज्यावरून हे बोलणे निघाले तो हिशेब मात्र कोणी सांगत नाही. चौथाई व सरदेशमुखीची वर्षानुवर्षांची थकलेली बाकी, तिची कलमवार मांडणी आणि ती फेडावी हा पुण्याचा आग्रह, हे सर्व अत्यंत अदबशीर दरबारी भाषेत चाललेले होते. हैदराबादच्या दृष्टीने ती कागदाची गुंडाळीच खरी धमकी होती, कारण तिच्या मागे शिंदे, होळकर, भोसले यांच्या फौजा एकत्र येऊ शकत होत्या. आणि १७९५ च्या मार्चमध्ये त्या आल्याच. आपण अपमान लक्षात ठेवला आणि वसुलीचा तगादा विसरलो, निजामाच्या दप्तरात नेमके उलट घडले असले पाहिजे.

खर्ड्याच्या तहान्वये मुशीर पुण्याच्या हवाली झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव वारले, वारसाच्या तंट्यात नाना पुणे सोडून महाडला जाऊन बसले, आणि निजामाचा आधार मिळविणे त्यांना भाग पडले. १७९६ च्या ऑक्टोबरात झालेल्या महाडच्या तहाने खर्ड्यावर मिळविलेले बहुतेक सर्व त्यांनी निजामाला परत देऊ केले, आणि ज्याने त्यांना भर दरबारात खेचून आणण्याची भाषा केली होती त्या मुशीर-उल्-मुल्काशीच या मसलतीत त्यांना हात मिळवावे लागले.

दरबारात उच्चारलेला शब्द वकिलाच्या पत्रातून, आणि आजच्या काळी वार्ताहराच्या तारेतून, आपल्यापर्यंत पोहोचेतो त्यातले काय गळते व काय वाढते, याचा विचार पुढील लेखांकात करू.